रजेच्या जागेवरच्या बाई

आमच्या शाळेत एक खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे. तिच्यामागे भिंतीत एक खुंटी होती आणि खुंटीला काळी छत्री. खुर्ची आणि छत्री दोन्ही राऊत मास्तरांची. मास्तर छातीच्या दुखण्यानं डहाणूला भावाच्या वाडीत अंथरुणावर होते. त्यांच्या जागी शाळा चालवत होत्या अनसूयाबाई, आणि त्या बसत रॉकेलच्या डब्यांच्या रिकाम्या खोक्यावर.

माझे बाबा एकदा शाळेची कौलं परतायला गेले होते. ते वरूनच म्हणाले, ‘‘बाय, खुर्ची रिकामी हाय, मग खोक्यावर कशाला बसता?’’

‘‘रिकामी कुठे, भाऊ?’’ बाई म्हणाल्या. ‘‘रजेवर आहे ती.’’

मी चौथीपर्यंत शिकले. त्यातली पहिली राऊत मास्तरांच्या हाताखाली, दुसरी-तिसरी आणि अर्धी चौथी बाईंच्या. हे मी घरातली माणसं शेतावर गेली की दुपारी लिहिते आणि वही तांदळाच्या कणगीमागे ठेवते. मला चार माणसांत बोलायला कधी जमलं नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

तलासरीच्या पुढे दोन टेकड्या आणि एक ओढा ओलांडला की आमचा पाडा. शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी एकाच खोलीत, चार ओळींत. बाई आल्या त्या तीन महिन्यांसाठी. पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि पंचांगात जपून ठेवलेला सातवीची फायनल पास झाल्याचा दाखला, एवढंच सामान. राहायला आमची पडवी दिली. तीन महिन्यांची मास्तरांची रजा सहा महिन्यांची झाली, मग वर्षाची, आणि बाई आमच्या पडवीतच राहिल्या.

त्या वाढवणकडच्या, समुद्रावर वाढलेल्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. उंच, हाडकुळ्या, भरभर चालणाऱ्या. पण आमच्या घोट्याएवढ्या पाण्याच्या ओढ्याला भ्यायच्या. ओलांडताना माझा खांदा घट्ट धरायच्या. मी हसले तर म्हणायच्या, ‘‘हसू नकोस, काशे. समुद्र वेळ सांगून येतो. हा तुमचा ओढा न सांगता येतो.’’

मस्टरवर सही करताना नावाखाली दर वेळी बारीक अक्षरात लिहायच्या, ‘श्री. राऊत यांच्या रजेच्या जागेवर’. रोज. तसं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्याआधी मास्तरांची छत्री उन्हात उघडायच्या, काड्यांना तेल लावायच्या, पुन्हा मिटून खुंटीला. स्वतः मात्र आमच्यासारखं इरलं पांघरून शाळेत यायच्या. माझी काकी चेष्टा करायची, ‘‘चांगली छत्री भिंतीला आणि मास्तरीण इरल्यात. छत्रीला ताप येईल म्हणून काय?’’

‘‘बदलीच्या माणसानं खुंटीवर हक्क सांगू नये,’’ बाई म्हणायच्या. असं काही बोलल्या की स्वतःच थोडं हसायच्या.

सकाळी वारली पाड्यावर जाऊन त्या पोरं गोळा करायच्या. मुली येत नसत, कारण प्रत्येकीच्या कडेवर लहान भावंड. बाईंनी शाळेच्या आढ्याला दोन झोळ्या बांधल्या. भावंडं झोळीत, झोळीची दोरी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. पाढे म्हणता म्हणता पाय हलायचा, पायाबरोबर झोळी. आजही मला बारा सक बहात्तर झुलत असल्यासारखं आठवतं. वारली मुलांशी त्या आधी त्यांच्याच बोलीत बोलायच्या. ती बोली त्या ओट्यावर म्हाताऱ्यांशी बोलत बसून शिकल्या होत्या, चुकल्या की म्हाताऱ्या पोट धरून हसायच्या आणि बाई पुन्हा विचारायच्या.

त्यांच्या नेमणुकीचा हुकूम सलग नसायचा. अमुक तारखेपर्यंत, की संपला. मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवा हुकूम. पहिल्यांदा असा खंड पडला तेव्हा आम्ही आत बसलो होतो आणि बाई दारात उभ्या राहिल्या. उंबरा ओलांडेनात.

‘‘आज माझी ऑर्डर नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज मी आत आले तर खोटं होईल.’’ आणि बाहेर ओट्यावर बसल्या. आम्हाला बघून त्यांनी तर्जनी हवेत गोल फिरवली, म्हणजे वळा. आम्ही फळ्याकडे पाठ करून दाराकडे वळून बसलो. शिकवणं तसंच चाललं. पोरांनी त्या दिवसाला नाव ठेवलं, उलटी शाळा. सगळ्यांना ती फार आवडायची, कारण दारातून ओढा दिसायचा.

एकदा नेमके अशाच दिवशी तपासणीचे साहेब आले. सगळी शाळा फळ्याकडे पाठ करून, बाई बाहेर.

‘‘हा काय प्रकार?’’

बाई उभ्या राहिल्या. ‘‘साहेब, आज माझ्या नेमणुकीत खंड आहे.’’

‘‘मग शिकवता कशाला?’’

‘‘शिकवत नाही, साहेब. मी ओट्यावर बसून बोलते. ती आतून ऐकतात.’’

साहेबांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग आत जाऊन त्यांनी आमची परीक्षा घेतली. मला विचारलेलं मला येत होतं, पण तोंड उघडेना. बाई बाहेरून म्हणाल्या, ‘‘साहेब, तिला पाटी द्या. ती पाटीवर बोलते.’’ मी पाटीवर गणित सोडवून दाखवलं. जाताना साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘शिक्षक रजेवर. मुलांची प्रगती समाधानकारक.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यात त्यांचं नाव कुठे नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवा हुकूम आला, तेव्हा त्यांनी ते पुन्हा उघडून पाहिलं.

महिन्यातून एका रविवारी बाई एस.टी.नं डहाणूला मास्तरांना बघायला जायच्या. विधवा बाईनं परक्या पुरुषाला एकटीनं भेटायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून सोबतीला मला न्यायच्या. मला का, ते मला माहीत होतं. मी कुठे काही बोलत नसे. आमच्याकडून नाचणीचं पीठ, मध न्यायचा. येताना मास्तरांची भावजय चिकू आणि सुके बोंबील बांधून द्यायची.

परत आलो की काकी दारातच विचारायची, ‘‘काय बाय, मास्तर कसा हाय?’’

‘‘आहेत तसे आहेत,’’ बाई म्हणायच्या.

काकी एकदा म्हणाली, ‘‘बायचं लय अवघड हाय. मास्तर बरा झाला तर बाय घरी. मास्तर मेला तरी बाय घरी. म्हणून बाय त्याला मध चारते, पण बेतानं.’’

आई काकीवर ओरडली. बाई मात्र पीठ चाळत राहिल्या. काकीचं बोलणं वाईट होतं, पण खोटं नव्हतं. पडवीत बाईंचा देव माझ्या अंथरुणाच्या डोक्याशी होता. सकाळी दिवा लावताना त्या म्हणायच्या, ‘‘राऊत मास्तरांना बरं...’’ आणि तिथं थांबायच्या. बराच वेळ. मग हळू म्हणायच्या, ‘‘त्यांना आहे तसं ठेव.’’ असं म्हटल्यावर त्या दिवशी दुपारी जेवत नसत. आईला वाटायचं, बाईंना उपवास फार.

मास्तर मेला तरी बाई घरी, हे कसं, ते मला डहाणूच्या कचेरीत कळलं. एका खेपेला मास्तरांकडे जाण्याआधी बाई शाळाखात्याच्या कचेरीत ट्रेनिंगच्या अर्जाचं विचारायला गेल्या. टेबलामागे एक म्हातारे क्लार्क होते. वाईट नव्हते ते. आम्हाला पाणी दिलं.

‘‘बाई, अर्ज परत आलाय. ट्रेनिंगला पाठवायचं तर वय बसायला हवं. तुमचं निघून गेलं. शिवाय नोकरी सलग हवी. तुमच्यात मधे मधे खंड आहेत.’’

‘‘ते खंड इथूनच पडतात ना?’’

‘‘मी पाडत नाही, बाई. नियम पाडतो.’’

‘‘पण मी दोन वर्षं तीच शाळा चालवतेय.’’

‘‘चालवा की. कोण नाही म्हणतंय? रजेच्या जागेवर फायनल पास चालतो. रजेवर माणूस आहे तोवर तुम्ही आहात. माणूस संपला, नाहीतर त्यानं सोडलं, की जागा मोकळी. मोकळ्या जागेवर कायमचा माणूस द्यायचा, आणि तो ट्रेन्डच हवा. तुम्ही कितीही चांगलं शिकवा.’’ मग आवाज खाली करून ते म्हणाले, ‘‘राऊतांना जपा.’’

बाहेर आल्यावर बाई चिंचेखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी अर्जाची घडी घातली, मग त्या घडीची घडी, मग तिचीही, शेवटी ते विड्याएवढं झालं. ते त्यांनी कमरेला खोचलं. मला म्हणाल्या, ‘‘हे कुणापाशी बोलायचं नाही हं.’’ मग स्वतःच म्हणाल्या, ‘‘तुला काय सांगायचं!’’

मास्तरांची खोली वाडीच्या टोकाला, चिकूच्या झाडांत. त्यांचा पेला, ताट वेगळं. बाई उंबऱ्याशी बसायच्या, मी खाली पायरीवर. मास्तर एकेका मुलाचं नाव घेऊन विचारायचे. वागर येतो का, तुळशीच्या घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं नाही ना. बोलता बोलता दम लागायचा, मग हातानंच ‘सांगा, सांगा’ करायचे. बाई झोळ्यांचं सांगायच्या, उलट्या शाळेचं सांगायच्या, मास्तर हसायचे आणि हसण्याचा खोकला व्हायचा.

‘‘माझी छत्री?’’

‘‘तेल लावून ठेवलीय.’’

‘‘आणि तुमच्या ट्रेनिंगचं काय झालं?’’

‘‘या खेपेला चिकू लवकर धरलेत वाटतं,’’ बाई म्हणायच्या. हा प्रश्न मी तीन-चारदा ऐकला आणि दर वेळी बाईंनी चिकूकडे, नाहीतर विहिरीकडे पाहिलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. पण ‘नाही’ही म्हणाल्या नाहीत.

मी चौथीत असताना, दिवाळीच्या आधीची ती खेप. बाई पीठ द्यायला मोठ्या घराकडे गेल्या. मास्तरांनी मला हातानं जवळ बोलावलं. मी उंबऱ्यापर्यंत गेले. ते फार वाळले होते.

‘‘काशी ना तू? बाईंच्या पडवीची काशी?’’

मी मान हलवली.

‘‘मी विचारलं हे त्यांना सांगू नकोस. त्या मला नीट सांगत नाहीत, लाजतात. बाई ट्रेन्ड आहेत ना गं?’’

मला त्या शब्दाचा पुरता अर्थ माहीत नव्हता. पण एवढं माहीत होतं की ते काहीतरी आहे जे बाईंकडे नाही, आणि ते नाही म्हणून बाईंनी चिंचेखाली कागदाची एवढीशी घडी केली होती. ते मास्तरांना कळू नये असं बाईंना वाटतं, हेही माहीत होतं. मला वाटलं, बाईंची झाकलेली गोष्ट माझ्याकडून उघडी पडता कामा नये. मी मान हलवली. हो.

मास्तरांनी डोळे मिटले. ‘‘मला वाटतच होतं. अनट्रेन्ड माणूस अशी शाळा चालवत नाही. बरं झालं. आता बरं झालं.’’

बाई परत आल्या तेव्हा मी पायरीवर होते. मास्तरांनी त्या दिवशी छत्रीचं विचारलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि चार-पाच दिवसांनी बाईंना पत्र आलं. पडवीत उभ्या उभ्या त्यांनी वाचलं. मग आईनं विचारलं म्हणून मोठ्यानं वाचलं. ‘मी आज राजीनामा पाठवला आहे. मी काही आता उठत नाही. इतके दिवस माझं नाव तुमच्या वाटेत घालून बसलो होतो, ते काढून घेतलं. आता जागा तुमची होईल. आता तरी त्या खोक्यावर बसू नका.’

‘‘मग बरंच झालं की,’’ आई म्हणाली.

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या भाकरीत मीठ नव्हतं आणि ते त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन डहाणूला गेल्या. म्हाताऱ्या क्लार्कनी आम्हाला बघूनच मान हलवली. राजीनामा पोचला होता, नवा माणूस ठरला होता, ट्रेन्ड, आठ-दहा दिवसांत हजर होईल. ‘‘राऊतांनी राजीनामा मागं घेतला तर अजून काही होऊ शकेल,’’ ते म्हणाले. ‘‘आजच्या आज. तुम्ही जाऊन सांगा त्यांना.’’

आम्ही वाडीच्या रस्त्याला लागलो. चिकूची झाडं दिसायला लागली, तिथं बाई थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, ‘‘कोणत्या तोंडानं सांगू त्यांना? त्यांनी बरं व्हायची आशा सोडून मला दिलीय. आता सांगू, की ती परत घ्या, मला चालत नाही?’’ आणि परत फिरल्या. मास्तरांना न भेटता आम्ही एस.टी.त बसलो.

ओढ्याशी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाईंनी माझा खांदा धरायला हात पुढं केला आणि मी मागं सरले.

‘‘काय गं?’’

मला तोंड उघडायलाच वेळ लागला. ‘‘मी हो म्हटलं.’’

‘‘कुणाला?’’

‘‘मास्तरांना. त्यांनी विचारलं, बाई ट्रेन्ड आहेत ना. तुम्ही घरात होता. मी हो म्हटलं.’’

बाई ओढ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं पुष्कळ वेळा वाटलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी इतके दिवस ‘नाही’ म्हणाले नाही, काशे. तू एकदाच ‘हो’ म्हणालीस.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘चल, मला पलीकडे ने.’’ माझा खांदा त्यांनी नेहमीसारखाच घट्ट धरला.

माझ्या पाचवीचं त्यांनी बाबांपाशी काढलं होतं. पाचवी तलासरीला. बाबा म्हणत होते, मुलगी एवढ्या लांब कशी जाणार, आणि बाई म्हणत होत्या, मी बघते, तुम्ही फक्त नाही म्हणू नका. बाबा निम्मे तयार झाले होते. बाई गेल्यावर ते बोलणं कुणी पुन्हा काढलं नाही, मी तर नाहीच.

त्यांचं पुढचं मला ऐकूनच ठाऊक. कासा गावाच्या बाजूला कुठल्याशा शाळेत, दुसऱ्या कुणाच्या रजेवर गेल्या म्हणत. राऊत मास्तर आणखी दोन पावसाळे होते. बाई त्यांना खरं बोलल्या की नाही, ते मला कळलं नाही.

नवे मास्तर आले त्या सकाळी बाई आमच्याआधीच शाळेत पोचल्या होत्या. किल्ली, मस्टर, शेरेबुक, खडूंचा डबा, सगळं खोक्यावर मांडून ठेवलेलं. नवे मास्तर तरुण होते, स्वच्छ कपड्यांचे, बोलायलाही बरे. यादी वाचून ते एकेक वस्तू ताब्यात घेत होते. मग त्यांनी वर पाहिलं. ‘‘या झोळ्या कशाला?’’

‘‘लहान भावंडांना,’’ बाई म्हणाल्या.

‘‘वर्गात बरं दिसत नाही. काढायला सांगतो.’’ आणि ते राऊत मास्तरांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली.

बाईंनी सही केली. या वेळी नावाखाली काही लिहिलं नाही. मग खुंटीवरची छत्री काढली. ‘‘ही यादीत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी पोचवते ज्यांची त्यांना.’’ आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या. ट्रंक बाबा तलासरीपर्यंत पोचवणार होते, ते आधीच पुढं गेले होते. बाई चपलेचा पट्टा नीट करत होत्या, एवढंच.

पण आम्हाला ओट्यावर बसलेल्या बाई म्हणजे एकच माहीत होतं. कुणी सांगितलं नाही. पहिलीची ओळ वळली, मग दुसरीची, मग सगळी शाळा फळ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसली. नवे मास्तर म्हणाले, ‘‘अरे, हे काय? इकडे बघा.’’ कुणी हललं नाही.

बाईंनी मान वर केली. आम्हाला सगळ्यांना पाहिलं. मग तर्जनी उचलली आणि हवेत गोल फिरवली. उलट्या बाजूनं.

आम्ही वळलो. मास्तर फळ्यावर तारीख लिहायला लागले. मी चौथीच्या ओळीत खिडकीशी होते, तिथून ओढा दिसायचा. बाई काठावर जाऊन उभ्या होत्या. खांदा धरायला कुणी नव्हतं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग काखेतली मास्तरांची छत्री काढली, तिचं टोक पाण्यात टेकवलं, आणि तिच्यावर भार देत एकेक पाऊल टाकत पलीकडे गेल्या.